बुधवारी मान टाकणारी गाडी

१

पोत्यात चौघे होते, आणि चौघांनाही चौकशी न करता फाशी दिलेली होती.

ड्रायव्हरकाकांनी ते पोतं माझ्या टेबलावर हलकेच ठेवलं. मी एकेकाला बाहेर काढलं. टाकीत बुडून राहून पेट्रोल पुढे ढकलणारा पंप. वाटेत गाळणारा फिल्टर. पंपाला वीज पोचवणारा रिले. आणि इंजिनापाशी बसणारा प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत पाठवून दाब सांभाळणारा, लिंबाएवढा पत्र्याचा डबा.

“सगळं बदलून झालं, ताई,” काका म्हणाले. “तरी दर बुधवारी गाडी रस्त्यात मान टाकते.”

सोमवारची सकाळ होती आणि मी आदल्या आठवड्याचीच दमलेली होते. गुडघे कुरकुरत होते, चहा गार झाला होता. लोक माझ्याकडे नेहमी सगळ्यात शेवटी येतात. आधी दुसरीकडे दिसेल तो भाग बदलतात आणि मग पोतं घेऊन माझ्या दारात उभे राहतात. गेज लावून दाब मोजल्याशिवाय मी एक नट ढिला करत नाही, म्हणून गल्लीत मला गेजवाली म्हणतात. कौतुकाने नव्हे, मी वेळ लावते म्हणून.

“काका, मला खरंच नको हे काम,” मी म्हटलं.

पण हात कुठे ऐकतात? पंप ट्रेमधल्या पेट्रोलात बुडवून बॅटरीला जोडला, तर पठ्ठ्याने गुणगुणत जोरदार धार सोडली. फिल्टरमधून हवा आरपार गेली. रिलेने टक् करून हजेरी लावली. तिघेही निर्दोष. चौथ्याच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या बारीक तोटीला पेट्रोलचा वास येत होता. पेट्रोलच्या कामातला भाग, त्याला वास येणारच असं मनाशी म्हणत मी तो बाजूला ठेवला. दमलेलं माणूस असंच करतं.

“बदललं कुणी हे सगळं?”

काकांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. समोरच्या गॅरेजवाल्याला मी बदलू म्हणते. त्याच्याकडे गाडी गेली की काहीतरी बदलूनच परत येते.

“बघून तरी घ्या, ताई,” काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली होता की मला कॉम्प्रेसर बंद करावा लागला. “मालक म्हणतात, मीच मुद्दाम बंद पाडतो. शनिवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलीय.”

२

मी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. ते बसले नाहीत. ड्रायव्हर माणूस, गाडीबाहेर बसायची सवय नसते.

काका त्या घरात आले तेव्हा आजचे मालक शाळेत जात होते. काकाच त्यांना सोडायचे-आणायचे. मालकांचे वडील गेले, गाडी मागे राहिली, आणि गाडीबरोबर काकाही. गाडी कागदोपत्री माईंची, म्हणजे मालकांच्या आईची. बंगल्यामागच्या एका खोलीत काकांचा संसार होता. बायको गेल्यानंतर तो संसार म्हणजे एक पलंग आणि एक शेगडी. नोकरी गेली की खोलीही जाणार होती.

“बुधवारी काय असतं?” मी विचारलं.

“माईंच्या थोरल्या बहिणीला शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवलंय. माई दर बुधवारी भेटायला जातात. तासाभराची वाट. शेवटी चढ लागतो. चढाच्या आसपास गाडीला धाप लागते, दोन-चार गचके देते आणि संपलं. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू होते, जणू काही झालंच नाही.”

“गेल्या बुधवारी?”

काकांनी मान खाली घातली. गेल्या बुधवारी गाडी पुलावर बंद पडली. मागे ट्रक, ट्रकमागे बस, सगळे हॉर्नवर बसलेले. माई घाबरून उतरायला गेल्या आणि पडल्या. मनगट मोडलं.

“तुमचा स्वतःचा काय अंदाज?”

“अंदाज सांगायची सोय राहिलेली नाही, ताई.” मग ते म्हणाले, “एक मात्र आहे. टाकी काठोकाठ भरलेली असली की लवकर बंद पडते. निम्मी असली तर कधीकधी पोचतो.”

मी वर बघितलं. कमी पेट्रोलमुळे गाडी बंद पडते हे शेंबडं पोरही सांगेल. जास्त पेट्रोलमुळे बंद पडते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“हे मालकांना सांगितलंत?”

“सांगितलं. मालक म्हणाले, म्हणजे टाकी भरायची नाही, आणि उरलेलं तुमच्या डब्यात, नाही का?”

मग खरी भानगड बाहेर आली. काही महिन्यांपूर्वी गाडी पेट्रोल पिऊ लागली होती. भरलेली टाकी बघता बघता उतरायची. मालकांना वाटलं, काका नळी घालून पेट्रोल काढतात आणि विकतात. त्यांनी टाकीच्या तोंडाला कुलूपवालं झाकण बसवलं आणि चावी स्वतःच्या जुडग्यात अडकवली. त्या आठवड्यापासून पेट्रोल पुरू लागलं.

“आणि गाडी बंद पडायला कधी लागली?”

काकांनी बोटांवर आठवडे मोजले. “त्यानंतरच्याच बुधवारी,” ते म्हणाले.

चोरी बंद झाली आणि सूड सुरू झाला, असंच कुणीही म्हटलं असतं. माझ्याही मनात तेच आलं.

३

बंगला साधा होता, पायऱ्यांना रंग हवा होता. गाडी पुढच्या शेडमध्ये उभी, धुऊन पुसून लख्ख. इतकी जुनी गाडी इतकी चकचकीत ठेवणारा माणूस तिला रस्त्यात मारेल का, असा प्रश्न मला पडला. पण असले प्रश्न कोर्टात चालत नाहीत आणि घरात तर मुळीच चालत नाहीत.

मालक दारातच सुरू झाले. “मॅडम, मी हिशोबी माणूस आहे. लॉक लावलं आणि पेट्रोल पुरायला लागलं. का? आता दुसरं. रविवारी मी स्वतः आईला मावशीकडे नेतो. हीच गाडी, हाच रस्ता, हाच चढ. एकदाही बंद पडली नाही. मी नसलो की बरोबर बंद. आणखी काय पुरावा पाहिजे?”

माणूस मूर्ख नव्हता. त्याच्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि खऱ्या गोष्टींवरून चुकीचं ठरवणारा माणूस सगळ्यात अवघड असतो. तो वाईटही नव्हता. काकांबद्दल बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, शेडच्या खांबाकडे बघत होता.

सूनबाईंनी चहा आणला. त्यांचं मत आधीच तयार होतं. “विकून टाका म्हणते मी केव्हाची. शेड मोकळी होईल. पण आमच्या घरात माझं ऐकतं कोण!”

“म्हणजे गाडी बिघडली तर तुमच्या पथ्यावरच पडेल,” मी म्हटलं.

त्या खळखळून हसल्या. “अहो, मला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. आणि टाकीची चावी यांच्याजवळ. झोपतानासुद्धा उशाशी असते.”

माई आतल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. हाताला प्लास्टर. मी चौकशी केली, तर स्वतःच्या हाताबद्दल एक वाक्य आणि बहिणीबद्दल वीस. बहिणीला आता कुणी ओळखू येत नाही, फक्त माईंचा आवाज कळतो. बुधवारी आवाज आला नाही, तर ती रात्री जेवत नाही.

“नवी गाडी घेऊ म्हणतात,” माई म्हणाल्या. “घेतील. पण मला ही कळते हो. रविवारी मुलगा वाटेत पेट्रोल भरायला थांबतो ना, टाकीचं झाकण उघडलं की ही उसासा टाकते. चांगला लांब. आमचे हे कामावरून आले की बूट काढताना टाकायचे, तस्सा.”

मी मान डोलावली. नवऱ्याच्या आठवणी निघाल्या की मला उठायची घाई होते, माझाही आता नाही.

“आणि काका? त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

माईंनी प्लास्टरवरचा धागा ओढला. “मी काय सांगणार,” त्या म्हणाल्या.

शेडमध्ये येऊन मी मालकांकडून टाकीचं झाकण उघडून घेतलं. थोडं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं. पाणी नाही, गाळ नाही, रॉकेल नाही. मग गुडघ्यांना शिव्या घालत गाडीखाली शिरले. टाकीवरून पंपाकडे जाणारी वायर चाचपली आणि हात जागीच थांबला. वायर कुणीतरी कापली होती. कापून पुन्हा जोडली होती, वर काळी टेप गुंडाळली होती. आणि टेप नवी होती.

४

कापलेल्या वायरीबद्दल मी बंगल्यावर अवाक्षर काढलं नाही. मालकांना तेवढंच हवं होतं. सरळ बदलूकडे गेले.

बदलू कुणाच्या तरी गाडीचा रेडिएटर काढून हवेत धरून बघत होता. “ताई! या. बसा. हा पण बदलावाच लागणार.”

“पंपाची वायर कुणी तोडली?”

“ती? मीच. नव्या पंपाचा प्लग वेगळा होता, बसेना. मग कापून जोडली. का हो, सुटली का?”

मी उगीचच खोक्यावर बसले. मघाशी गाडीखाली माझ्या मनात काका जवळजवळ दोषी ठरले होते. थकव्याचा हा एक तोटा आहे, जे पहिलं हाताला लागेल ते धरून मोकळं व्हावंसं वाटतं.

“सुटली नाही,” मी म्हटलं. “मला सांग, आधी काय बदललंस, मग काय?”

बदलूला स्वतःच्या कामाचा अभिमान होता. त्याने सगळं रंगवून सांगितलं. सगळ्यात आधी मालक आले ते वेगळीच तक्रार घेऊन. गाडी काळा धूर सोडते, सुरू होताना अडखळते, पेट्रोलचा वास मारते. बदलूने अंदाजाने रेग्युलेटर बदलला. धूर गेला.

“का गेला?”

“का म्हणजे? बदलल्यावर जाणारच की!”

“हे लॉक बसवायच्या आधी की नंतर?”

“त्याच दिवशी. मालक लॉकवालं झाकण बाजारातून घेऊन आले होते, मीच बसवून दिलं. आटे जुळले, फिट्ट बसलं.”

पुढच्या बुधवारपासून गाडी बंद पडू लागली. बदलूने रिले बदलला. गाडी दुपारभर रस्त्यात उभी राहून आली होती, ती लगेच सुरू झाली. पुन्हा बंद पडली. मग फिल्टर. मग पंप.

“आणि प्रत्येक वेळी तुझ्याकडे व्यवस्थित चालली?”

“एकदम! फिल्टर काढताना आधी टाकीचं झाकण उघडायचं, म्हणजे पेट्रोल अंगावर उडत नाही. हे आमच्या उस्तादांचं शिक्षण. मालकांना चावी घेऊन बोलवायचो, झाकण उघडायचो, भाग बदलायचो. गाडी फर्स्टक्लास. गल्लीला एक चक्कर मारून ताब्यात द्यायचो.”

“गेज लावलास?”

“ताई, तुमचं गेज लावेपर्यंत माझ्या दोन गाड्या निघतात.”

वाद घालायची ताकद नव्हती. मी परत येऊन टेबलाशी बसले आणि पोत्यातल्या चौथ्याला पुढ्यात घेतलं. काळा धूर. पेट्रोलचा वास. इंजिन एका बारीक रबरी नळीने रेग्युलेटरच्या तोटीतली हवा ओढत असतं. आत एक पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. त्या तोटीत पेट्रोलचा वास यायचं काहीच कारण नाही. सोमवारी सकाळी मी नाक असून आंधळी झाले होते.

काटा असलेल्या छोट्या हातपंपाने मी त्या तोटीतली हवा ओढली. पडदा धड असता, तर काटा जागेवर राहिला असता. काटा झरझर खाली आला. पुन्हा ओढली, पुन्हा तेच.

चौघांमधला एक निर्दोष नव्हता. पण त्याला तर केव्हाच फाशी झाली होती. मग आता गाडी कोण मारत होतं?

५

बुधवारी सकाळी मी मालकांना फोन केला. “ऑफिसला दांडी मारा आणि तुमच्या दुसऱ्या गाडीतून आमच्या मागे या. चावीचा जुडगा बरोबर आणा.” ते काहीतरी बोलत होते, मी फोन ठेवला.

इंजिनावरच्या पेट्रोलच्या नळीला मी गेज जोडलं, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवलं. पंपाच्या वायरीला मीटर लावून तो मांडीवर घेतला. पंपापर्यंत वीज पोचते की नाही, हे आता बसल्या जागी दिसणार होतं. टाकी मालकांनी आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरून कुलूप लावलेलं होतं. काका स्टिअरिंगवर, मी शेजारी, माई मागे उशीवर हात ठेवून.

निघताना काटा हिरव्या पट्ट्यात ठाम उभा होता. गावातले सिग्नल, भाजीबाजार, शाळा, सगळं मागे पडलं. काटा हलला नाही. मला वाटू लागलं, आज नेमकी ही बया शहाण्यासारखी पोचणार आणि माझं हसं होणार.

मोकळा रस्ता लागला आणि काटा सुस्तावला. एकदम पडला नाही, जेवण झालेल्या माणसाच्या पापणीसारखा हळूहळू उतरत गेला. मी काकांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पांढरी पडलेली. मांडीवरच्या मीटरकडे बघितलं. वीज पहिल्याइतकीच, पुरेपूर.

म्हणजे पंपाची वीज कुणी तोडत नव्हतं. वायर निर्दोष, रिले निर्दोष.

चढ सुरू झाला. गाडीने पहिला गचका दिला.

“आली,” काका पुटपुटले.

“बंद करू नका. कडेला घ्या, इंजिन चालू ठेवा.”

मी बॉनेट उघडलं. इंजिन धापा टाकत होतं. रेग्युलेटरकडून टाकीकडे परत जाणारी रबरी नळी मी फडक्यात धरून पक्कडीने दाबली. पेट्रोलची परतीची वाट बंद केली की दाब वर उसळायला हवा. रेग्युलेटर वाजवीपेक्षा जास्त परत पाठवत असेल, तर तिथेच पकडला जातो. काटा जागचा हलला नाही. नवा रेग्युलेटरही निर्दोष. मागून पुढे पेट्रोलच येत नव्हतं.

फिल्टर नवा. पंप नवा, त्याला वीज भरपूर. टाकी भरलेली. तरीही पंपाच्या हाताला पेट्रोल लागत नव्हतं. भरल्या ताटावर बसून उपाशी राहावं, तसं चाललं होतं. मी बॉनेटला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं हे केलं आणि आता डोकं चालेना. काका खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघत होते.

मागची काच खाली आली.

“बंद पडणार का हो आता?” माई म्हणाल्या. “आज मुलगा बरोबर नाही, हिने अजून उसासाही टाकला नाही.”

मी पक्कड खाली ठेवली. “माई, काय म्हणालात?”

६

मालकांची गाडी मागे येऊन थांबली. ते उतरले, हातात जुडगा.

“बघितलंत ना?” ते म्हणाले. “बंद पाडलीच.”

“बंद नाही पडली अजून. इकडे या. टाकीचं कुलूप उघडा. काका, तुम्ही जागेवरच बसा, आणि गेजकडे बघत राहा.”

मालकांनी चावी घातली आणि झाकण फिरवलं. ते हाताला येत नव्हतं, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. त्यांनी जोर लावला.

गाडीने उसासा टाकला. चांगला लांब. आत जाणाऱ्या हवेचा सूं आवाज कितीतरी वेळ चालला, मग टाकीचा आत खेचला गेलेला पत्रा ढब्बकन मूळ जागी आला. मालक दचकून मागे सरले.

“ताई!” काका आतून ओरडले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “काटा वर चढतोय!”

हिरव्या पट्ट्यात येऊन काटा थांबला. इंजिनाची धाप गेली आणि ते एका लयीत चालू लागलं. रस्त्याच्या कडेला आम्ही चौघं एका जुन्या गाडीचा आवाज ऐकत होतो.

“बाळाला बाटलीने दूध पाजलंय कधी?” मी मालकांना विचारलं. “बुचाला हवा यायला जागा नसली की बाटली आत ओढली जाते आणि दूध येईनासं होतं. बाळ रडतं. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. तुमच्या जुन्या झाकणात त्यासाठी बारीकशी झडप होती. हे बाजारातलं झाकण दुसऱ्या गाडीचं आहे. त्या गाडीची टाकी दुसऱ्या वाटेने श्वास घेते. आटे जुळले म्हणून इथे फिट्ट बसलं, आणि तुमच्या गाडीचं नाक दाबलं गेलं.”

“पण रविवारी...”

“रविवारी तुम्ही वाटेत पेट्रोल भरता. चावी तुमच्याकडे. झाकण उघडलं की ती श्वास घेते आणि पुढचा रस्ता निघतो. काकांकडे चावीच नाही. त्यांनी झाकण उघडायचं कसं? मिस्त्रीसुद्धा प्रत्येक वेळी तुमच्याकडून झाकण उघडून घ्यायचा, मग नवा भाग लावायचा, आणि भागाला श्रेय द्यायचा. टाकी काठोकाठ भरली की आत हवा थोडीच उरते, ती लवकर ताणली जाते. हे काकांनी तुम्हाला सांगितलं होतं.”

मालक कुलुपाकडे बघत होते. “आणि पेट्रोलची चोरी? लॉक लावल्यावर ती थांबली, हे तर खरं?”

मी पिशवीतून जुना रेग्युलेटर काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. “हा तुमचा चोर. याचा आतला पडदा फाटलाय. पेट्रोल या तोटीतून थेट इंजिनात जात होतं आणि काळा धूर होऊन मागून निघत होतं. ज्या दिवशी तुम्ही लॉक आणलंत, त्याच दिवशी मिस्त्रीने अंदाजाने हा बदलला. चोर याच्या रूपाने गेला. तुम्हाला वाटलं, लॉकमुळे थांबला.”

हिशोबी माणूस होता, मनात सगळं पुन्हा मांडून बघत असावा. मांडून झालं तसे त्यांचे कान लाल होत गेले.

“काका,” ते म्हणाले. जुडग्यातून त्यांनी टाकीची चावी सोडवली आणि पुढे केली. “ही तुमच्याकडे ठेवा. खोलीचं मी बोललो ते... ते विसरा.”

काकांनी चावी घेतली नाही. त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. टाकीचं जुनं झाकण. इतके दिवस सांभाळून ठेवलेलं, पुसलेलं. मागे जाऊन त्यांनी ते स्वतःच्या हाताने बसवलं. कुलूपवालं झाकण मालकांच्या हातात रेग्युलेटरशेजारी तसंच राहिलं.

मी गेज सोडवू लागले. माझं काम संपलं होतं आणि घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. काका मागच्या दाराशी गेले. माई एका हाताने शालीचं टोक सारखं करत होत्या.

“माई,” ते म्हणाले, “एक विचारू? तुम्हालाही वाटलं होतं का?”

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. कुणीही नाही म्हटलं असतं. मालकसुद्धा आईकडे त्याच आशेने बघत होते.

माईंनी काकांच्या डोळ्यांत बघितलं. “एकदा वाटलं,” त्या म्हणाल्या. “त्या पुलावर. पडल्यावर.”

काकांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. माझ्यापेक्षाही जास्त दमलेलं माणूस मी त्या क्षणी बघितलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“एकदाच ना,” ते शेवटी म्हणाले. माईंची घसरलेली उशी त्यांनी नीट लावली, प्लास्टरचा हात त्यावर अलगद ठेवला आणि दार लावलं. “चला. तुमच्या ताई वाट बघत असतील.”

मी मालकांच्या गाडीत बसून परत आले. दुपारी उशिरा काकांचा फोन आला. गाडी एका दमात चढ चढली, म्हणाले, आणि माईंच्या बहिणीने आवाज ओळखला.

“आणि शनिवारी?” मी विचारलं. “खोलीचं काय ठरवलंत?”

“शनिवारी बघू,” काका म्हणाले. “बुधवारी मात्र माईंना न्यायला येत जाईन.”